उतरवून घेणे : श्रवण, लेखन आणि ऋण

१

मराठीत बंदिश गळ्यावर 'चढते' आणि कागदावर 'उतरते'. या दोन क्रियापदांच्या दिशांमध्ये एक मूल्यनिर्णय दडलेला आहे. गळ्यावर चढलेली चीज ही कमाई मानली जाते. कागदावर उतरलेली चीज ही फार तर नोंद ठरते. 'उतरवणे' या क्रियापदाला आणखीही अर्थच्छटा आहेत. आपण ओझे उतरवतो, दृष्ट उतरवतो, एखाद्याची हुबेहूब नक्कल उतरवतो आणि ग्रंथातील उतारा उतरवून घेतो. या सर्व प्रयोगांत एका ठिकाणची वस्तू दुसऱ्या ठिकाणी आणण्याची क्रिया समान आहे. ती आणताना वस्तूचे काय होते आणि आणणाऱ्याचे काय होते, हे दोन प्रश्न मात्र त्या क्रियापदाने मोकळेच ठेवले आहेत.

प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा विचार एका विशिष्ट कृतीच्या संदर्भात करावयाचा आहे. ती कृती म्हणजे दुसऱ्याने उत्स्फूर्तपणे वाजवलेले संगीत कानाने ऐकून स्वरलिपीत लिहून काढणे. स्वरलेखन हा आस्वादाचा एक प्रकार आहे, की आस्वाद संपल्यानंतर उरणारे कारकुनी काम? आणि ज्याचे वादन आपण लिहून घेतो, त्याचे आपण काही देणे लागतो काय? पहिला प्रश्न सौंदर्यशास्त्राचा आहे आणि दुसरा नीतीचा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्यावाचून पूर्ण होत नाही, हे येथे दाखवावयाचे आहे. साहित्याच्या अभ्यासकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. मौखिक ते लिखित हा प्रवास मराठी गद्याच्या जन्माशीच निगडित आहे.

२

उदाहरण मुद्दाम दूरचे घेतो. जॅको पास्टोरियस (१९५१–१९८७) हा अमेरिकन बासवादक जॅझ-फ्युजन या संगीतप्रकारातील मोठा कलावंत. १९७६ ते १९८१ या काळात तो 'वेदर रिपोर्ट' या वाद्यवृंदात होता. बास गिटार हे जाड तारांचे, साध्या गिटारपेक्षा सप्तकभर खाली बोलणारे वाद्य. वाद्यवृंदात त्याचे स्थान सामान्यतः घराच्या पायासारखे असते : भार सगळा त्याच्यावर, पण ते कोणाच्या नजरेत भरत नाही. पास्टोरियसने आपल्या वाद्याच्या पट्टीवरील धातूचे पडदे काढून टाकले, त्यांच्या खाचा भरून घेतल्या आणि ती पट्टी सपाट केली. पडद्यांबरोबर स्वरांच्या ठाम जागाही गेल्या. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाणे, ज्याला आपण मींड म्हणतो, ते शक्य झाले. त्याबरोबर बेसूर होण्याचा धोकाही प्रत्येक स्वरागणिक आला.

१९७६ साली त्याच्या नावाने निघालेल्या ध्वनिमुद्रिकेचा आरंभ 'डोना ली' या रचनेने होतो. ती जेमतेम अडीच मिनिटांची आहे. साथीला डॉन अलायस या वादकाची कोंगा ही तालवाद्ये आहेत. पियानो नाही, गिटार नाही, स्वरसंगती पुरवणारे दुसरे काहीच नाही. मुळात सॅक्सोफोन आणि ट्रंपेटसाठी रचलेली वेगवान, वळणावळणाची धून येथे बासवर वाजते आणि तिच्यामागून उत्स्फूर्त विस्तार येतो. जगभरचे बासवादक गेली अनेक वर्षे ही अडीच मिनिटे लिहून काढत आले आहेत. ते करताना त्यांच्यापुढे जे पेच उभे राहतात, ते पाहण्यासारखे आहेत.

पहिला पेच ऐकण्याचाच आहे. खर्जातील स्वर वेगाने वाजले की कानाला एकमेकांत मिसळल्यासारखे वाटतात. टेप निम्म्या गतीने फिरवावी तर गती कमी होते, पण स्वर सप्तकभर खाली जाऊन अधिकच अस्पष्ट होतात. म्हणून बासचे स्वरलेखन करणारे पुष्कळदा उलटे करतात : ध्वनी सप्तकभर वर चढवून ऐकतात. आज संगणकामुळे गती आणि स्वर वेगवेगळे बदलता येतात. तात्पर्य, जे लिहायचे ते ऐकू येण्यासाठी आधी ते बदलावे लागते.

दुसरा पेच अधिक मूलगामी आहे. बासवादनात कित्येक आघात असे असतात की तार दाबलेली नसते, नुसती बोटाने झाकलेली असते. तिच्यातून निश्चित स्वर निघत नाही. निघतो तो एक बुजलेला ठोका. स्वरलिपीत तो फुलीच्या आकाराच्या खुणेने दाखवतात. पण एखादा आघात असा मुका म्हणून मुद्दाम वाजवला, की स्वर वाजवताना तो पुरता उमटला नाही, की पुढच्या स्वराकडे जाणाऱ्या बोटाचा तो केवळ ओझरता स्पर्श आहे? कान याचे उत्तर देत नाही. लिहिणाऱ्याला ते द्यावेच लागते, कारण कागदावर खूण एक तर असते किंवा नसते.

तिसरा पेच जागेचा आहे. एकच स्वर वाद्यावर वेगवेगळ्या तारांवर मिळतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा पोत वेगळा असतो. पाच रेषांची पाश्चात्त्य लिपी स्वर सांगते, तार सांगत नाही. टॅब्लेचर नावाची दुसरी लिपी तार आणि जागा सांगते, पण तिच्या साध्या रूपात कालमान सांगत नाही. कोणती तार, हे कळण्यासाठी लिहिणाऱ्याला वाद्य हातात घेऊन ते वाक्य स्वतः वाजवून पाहावे लागते. बोटे कोठे सहज पोहोचतात, कोठे अडतात, यावरून वादकाच्या हाताचा माग काढावा लागतो. श्रवणाचे रूपांतर येथे स्पर्शात होते.

चौथा पेच अर्थनिर्णयाचा आहे. छापील स्वरलेखनात रेषांच्या वर स्वरसंघातांची नावे लिहिलेली असतात. पण 'डोना ली'च्या या ध्वनिमुद्रणात ते संघात कोणी वाजवतच नाही. बासच्या एकेरी ओळीतून ते सूचित होतात आणि जाणकार श्रोता मूळ रचनेच्या परिचयामुळे ते मनात भरून घेतो. म्हणजे कागदावर जे दिसते त्यातील काही भाग ध्वनीत नाहीच. जुन्या पोथीच्या संपादकाने पदच्छेद करावा, विरामचिन्हे घालावीत, तशी ही भर आहे. ती उपयुक्त आहे, बहुधा बरोबरही आहे; परंतु ती भाष्य आहे, संहिता नव्हे.

३

या पेचांचा सैद्धांतिक अर्थ काय? चार्ल्स सीगर या संगीतशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये संगीतलेखनाचे दोन प्रकार सांगितले. एक आदेशपर : पुढे काय वाजवावे हे सांगणारे. दुसरा वर्णनपर : काय वाजले हे नोंदवणारे. त्याचा इशारा असा की, आपण पहिल्या कामासाठी घडलेली लिपी दुसऱ्या कामासाठी वापरतो आणि मग लिपीत जे मावत नाही ते संगीतातच नाही असे समजू लागतो. नेल्सन गुडमन याने १९६८ च्या आपल्या ग्रंथात याच्या पुढचे टोक गाठले. त्याच्या मते स्वरलिपीचे मुख्य कार्य कृतीची ओळख निश्चित करणे हे आहे. लिपीबरहुकूम असलेला प्रयोगच त्या कृतीचा प्रयोग. सिंफनीच्या बाबतीत हे मत पटण्यासारखे असेल. पण उत्स्फूर्त वादनात क्रम उलटा असतो. तेथे प्रयोग आधी आणि लिपी मागाहून. जे वाजले ते लिपीला जबाबदार नसते. लिपीच त्याला जबाबदार असते.

आपल्याकडे हा वाद नवा नाही. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) आणि विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) या दोघांनी हिंदुस्थानी संगीतासाठी दोन स्वतंत्र स्वरलिपी घडवल्या. भातखंड्यांची लिपी सुटसुटीत आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब, एका मात्रेतील स्वरांखाली कंस : एवढ्या सामग्रीवर 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत सुमारे १८०० बंदिशी उतरल्या आहेत. दरबारी कानड्यातील आंदोलित गंधार या लिपीत साध्या कोमल गंधारासारखा दिसतो. ही उणीव भातखंड्यांना ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल? त्यांनी गृहीत धरले होते की वाचणाऱ्याच्या कानात दरबारी आधीपासून आहे आणि लिपी केवळ त्याच्या स्मरणाला टेकू देणार आहे. थोडक्यात, ही लिपी अर्धी कागदावर आणि अर्धी परंपरेत राहते. कान नसलेल्या वाचकाला ती वाचता येत नाही.

येथे मर्ढेकरांची आठवण होणे स्वाभाविक आहे. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये त्यांनी सौंदर्याचा आधार संवेदनांमधील संबंधांत शोधला आणि संवाद, विरोध व समतोल ही लयतत्त्वे सांगितली. सौंदर्य संबंधांतच असेल, तर संबंध नोंदवणारी स्वरलिपी सौंदर्याची नोंद करण्यास पुरेशी ठरावी. स्वर किती उंच, किती लांब, कोणाच्या पुढे, कोणाच्या मागे, हे सगळे संबंधच आहेत. परंतु पास्टोरियसच्या मुक्या आघातांपाशी हा युक्तिवाद अडखळतो. तेथे संबंध जोडावयाचे घटकच अनिश्चित आहेत. तो आघात स्वर मानला तर एक लय दिसते, ठोका मानला तर दुसरी. संबंधांची व्यवस्था ही ऐकणाऱ्याला आयती मिळत नाही. कोठे घटक संपतो आणि कोठे सुरू होतो, हे ठरवण्यात तोही सहभागी असतो. मर्ढेकरांचे लयतत्त्व यामुळे खोटे ठरत नाही, पण त्याला एक पूर्वअट जोडावी लागते : लय ऐकण्यापूर्वी काय ऐकायचे याचा निर्णय झालेला असतो आणि एरवी तो आपल्या नकळत होतो. स्वरलेखन त्याला आपल्या देखत करावयास लावते.

४

येथे एक आक्षेप संभवतो. रसिकाला या खटाटोपाची गरज काय? तुकडे करून, गती मोडून, एकेक मात्रा पन्नास वेळा ऐकल्याने रसभंगच व्हायचा. फुलाच्या पाकळ्या मोजणाऱ्याला सुगंध येत नाही, असे आपण ऐकत आलो आहोत.

आक्षेपातील तथ्य नाकारता येत नाही. एखादे वाक्य उतरवत असताना त्याचा आनंद खरोखरच मागे सरतो. पण आस्वाद म्हणजे दर क्षणी होणारा आनंद, हे समीकरणच तपासावयास हवे. सिमोन वेल आणि तिच्या मागून आयरिस मर्डॉक यांनी अवधान ही नैतिक गोष्ट मानली. आपल्या इच्छा, सवयी आणि तयार कल्पना बाजूला सारून समोरच्या वस्तूला तिच्या जागी असू देणे, हा त्यांच्या मते सद्गुणाचा प्रारंभ होय. मराठी वाचकाला हे नवे वाटणार नाही. ज्ञानेश्वर नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधानच मागतात. सामान्य श्रवणात आपण पुष्कळदा वाजलेले ऐकत नाही, अपेक्षिलेले ऐकतो. ओळखीचे वळण आले की उरलेले मन स्वतःच पुरे करते. स्वरलेखनात ही सोय नसते. आपण लिहिलेला स्वर वाजवून पाहिला की ध्वनिमुद्रण मुकाट्याने सांगते : असे नाही. आपल्याला जे सुचले असते ते वादकाने वाजवलेले नसते, आणि त्याने जे वाजवले ते आपल्याला सुचले नसते. या अंतराचा प्रत्यय येणे, हाच दुसऱ्याच्या प्रतिभेचा प्रत्यय. प्रशंसेचे शब्द तो देऊ शकत नाहीत.

नवी मुंबईत मराठी शिकवताना या गोष्टीची दोन रूपे शेजारी शेजारी दिसतात. वाशी येथे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तू आहे. पलुस्करांच्या निधनानंतर १९३१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या परीक्षांना बसणारे विद्यार्थी वर्गात असतात. त्यांच्या वह्यांत आलाप-ताना लिहिलेल्या असतात; त्या गायच्या आधी लिहून, पाठ करून तयार केलेल्या असतात. त्याच बाकावर एखादा बास गिटार शिकणारा असतो. त्याच्या वहीतील ओळी ऐकून, खोडून, पुन्हा ऐकून लिहिलेल्या असतात. पहिली वही नीटनेटकी आणि आदेशपर, दुसरी खाडाखोडीची आणि वर्णनपर. यांतील श्रेष्ठ कोणती हा प्रश्न गैरलागू आहे. पण दुसऱ्या वहीतील प्रत्येक खोड ही एका चुकलेल्या श्रवणाची आणि दुरुस्त झालेल्या श्रवणाची खूण आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने कवितेच्या समासात अशा खोडी केल्या असत्या तर काव्याध्यापन सोपे झाले असते.

उतरवून घेणे हे कागदावाचूनही होते, हे येथे नोंदवले पाहिजे. तबल्याचे बोल आधी तोंडाने म्हणण्याची पढंत आणि कर्नाटक संगीतातील कोन्नकोल या मौखिक लिप्याच आहेत. १९९६ मध्ये मुंबईत जन्मलेली फ्युजन बासवादक मोहिनी डे कोन्नकोलच्या अक्षरांना बासवर बोलते करते. तिचे वादन पाच रेषांत लिहिताना मात्रांचे अपूर्णांक काढत बसावे लागेल. तेच बोलांत म्हटले तर त्याची घडण जिभेलाच कळते. वादकाने ज्या भाषेत विचार केला त्या भाषेच्या शक्य तितके जवळ जाणारी लिपी निवडणे, हेही अवधानाचेच अंग आहे.

आणि या मार्गाने माणूस केवळ नक्कलकार होतो, हे भयही अनाठायी आहे. चार्ली पार्करने तरुणपणी लेस्टर यंगची ध्वनिमुद्रित वादने पाठ केली होती. १९२४ मध्ये बेळगावजवळच्या सुळेभावी येथे जन्मलेले कुमार गंधर्व बालपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवीत. त्या बालगायकाने पुढे आपला स्वतंत्र मार्ग काढला आणि 'अनूपरागविलास' (१९६५) मध्ये स्वतःच्या रचना स्वरलिपीसह लोकांपुढे ठेवल्या. दुसऱ्याचे पूर्णपणे उतरवल्यावाचून आपले कोठे सुरू होते, हे कळत नसावे.

५

एवढ्याने स्वरलेखनाची आस्वादक बाजू सिद्ध झाली तरी नैतिक बाजू शिल्लक राहते. अवधान हे दान आहे. पण उतरवून 'घेणे' हे घेणेही आहे.

भातखंड्यांनी घराणेदार गवयांकडून बंदिशी मिळवल्या. जयपूरच्या मनरंग परंपरेतील गायकांच्या बंदिशी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. गवयाच्या दृष्टीने चीज ही त्याची शिदोरी होती. ती मुलाला किंवा गंडाबंद शागिर्दाला द्यावयाची, तीही योग्यता पाहून. कागदावर उतरलेली चीज मात्र पुस्तक विकत घेणाऱ्या कोणाचीही झाली. या कृपणपणामुळे विद्या नष्ट होत होती, हे भातखंडेपक्षाचे म्हणणे खरे आहे. आज ज्या बंदिशी आपण निःशंक गातो त्यांतील पुष्कळ त्या सहा पुस्तकांमुळे टिकल्या. जानकी बखले यांनी २००५ च्या आपल्या ग्रंथात दुसरी बाजू मांडली आहे : संगीताला शास्त्र आणि राष्ट्रीय वारसा बनवण्याच्या या उद्योगात उस्ताद हे ज्ञानाचे धनी न राहता माहितीचे साधन ठरले. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात. सार्वजनिक हित साधले म्हणून व्यक्तीचे ऋण फिटत नाही.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात याच प्रश्नाचे उलटे रूप दिसते. तेथे लिहून घेणाराच अदृश्य राहिला. गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून आलेले वादक आणि संयोजक संगीतकाराने गुणगुणलेली चाल ऐकून उतरवीत आणि पूर्ण वाद्यवृंदासाठी तिची मांडणी करीत. सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) ही त्यांतील नावे आज अभ्यासकांना ठाऊक आहेत. त्या काळच्या पडद्यावरील नामावलीत संयोजकांना पुष्कळदा स्थान नसे. गोन्साल्विस यांचे नाव घराघरांत पोहोचले ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' मधील गाण्यामुळे. पण त्या गाण्यावर हसणाऱ्या किती जणांना ठाऊक होते की या नावाचा माणूस खरोखर आहे आणि तो व्हायोलिनचा गुरू आहे? एके ठिकाणी लिहिणारा धनी झाला आणि गाणारा साधन, दुसऱ्या ठिकाणी गुणगुणणारा धनी झाला आणि लिहिणारा साधन. यावरून दिसते की अन्याय लेखनाच्या क्रियेत नाही. आवाज आणि अक्षर यांतील सहकार्य पुसून एकच नाव ठेवण्याच्या सवयीत आहे.

'डोना ली'लाही हा डाग आहे. १९४७ च्या ध्वनिमुद्रणावर रचनाकार म्हणून चार्ली पार्करचे नाव आले. माइल्स डेव्हिसने १९८९ च्या आत्मचरित्रात ती रचना आपली असल्याचे सांगितले. तिची स्वरसंगती तर १९१७ च्या 'इंडियाना' या लोकप्रिय गीताची. मग पास्टोरियसचे वादन उतरवून घेणारा कोणाचे काय उतरवतो? एका गीताच्या सांगाड्यावर, वादग्रस्त कर्तृत्वाच्या धुनेवर, एका हाताने घडवलेले अडीच मिनिटांचे काही. कर्ता येथे एकटा नाही, पण म्हणून कोणीच नाही असेही नाही. उत्तर-संरचनावादी समीक्षेने लेखकाचा मृत्यू जाहीर केला, तेव्हा तिच्यासमोर छापील संहिता होती. सपाट पट्टीवर स्वर नेमका कोठे सापडेल हे जाणणारे बोट इतक्या सहजी मरत नाही.

६

या ऋणाची फेड कशी व्हावी, याचे एक उदाहरण आपल्या गद्याच्या उगमापाशीच आहे. श्रीचक्रधरांच्या प्रयाणानंतर त्यांच्या आठवणी लिहून घेण्याचे कार्य म्हाइंभटांनी हाती घेतले. ज्यांनी ज्यांनी काही पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे ते गेले आणि मिळालेले नागदेवाचार्यांकडून पारखून घेतले, असे परंपरा सांगते. मूळ पोथी नाहीशी झाल्यावर अनुयायांनी ती स्मरणाने पुन्हा सिद्ध केली आणि साहजिकच पाठभेद निर्माण झाले. लीळाचरित्राच्या पोथ्यांत त्यामुळे काही लीळांपुढे 'वासना' या नावाने भिन्न पाठ वा भिन्न आठवण नोंदवलेली आढळते. ती कोणाची, हेही पुष्कळदा सांगितलेले असते. ज्यांच्या दृष्टीने ते शब्द प्रत्यक्ष ईश्वराचे होते, त्यांनीच आपल्या श्रवणाची अनिश्चितता पोथीत राहू दिली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. श्रद्धा जितकी उत्कट तितका एकच पाठ ठाम हवा, असे आपल्याला वाटते. येथे उलट झाले. शब्द अनमोल म्हणूनच तो आपल्याकडून चुकीचा ऐकला गेला असेल, ही शंका जपली गेली.

स्वरलेखनाच्या नीतीची सूत्रे यातून काढता येतात. लिहिणाऱ्याने आपले नाव वादकाच्या नावाच्या जागी ठेवू नये, पण ते लपवूही नये; कारण हे एका विशिष्ट कानाने ऐकलेले आहे, हे वाचकाला कळले पाहिजे. जेथे निर्णय शंकास्पद होता तेथे ती शंका कागदावर राहू द्यावी. मुका आघात आणि स्वर यांत आपण निवड केली असेल तर दुसरी शक्यताही नोंदवावी. जे ध्वनीत नाही आणि आपण पुरवले आहे, ते भाष्य म्हणून वेगळे दिसावे. आणि वाचणाऱ्याला शेवटी परत ध्वनीकडे धाडावे. ज्या स्वरलेखनानंतर ध्वनिमुद्रण ऐकण्याची गरज उरत नाही, ते चांगले स्वरलेखन नव्हे.

समीक्षेच्या व्यवहारालाही हे लागू पडते, असे सुचवावेसे वाटते. गेल्या काही दशकांत आपण संहितेचे वाचन, प्रतिवाचन, विरचना यांविषयी पुष्कळ लिहिले. पण समीक्षकाचे वाचन चूक ठरू शकेल असे ठिकाण क्वचितच राखून ठेवले. कोणतेही वाचन शक्य आहे, असे म्हटले की कोणतेही वाचन जबाबदार राहत नाही. उतरवून घेणाऱ्याला ही चैन परवडत नाही. त्याने लिहिलेला स्वर वाजवून पाहता येतो. तो लागतो किंवा लागत नाही. ही कसोटी साहित्यसमीक्षेला जशीच्या तशी लावता येणार नाही. पण मूळ कृतीला आपल्याला 'असे नाही' म्हणण्याची संधी देत राहणे, एवढे तर आपल्याला करता येईल. गळ्यावर चढणे आणि कागदावर उतरणे यांतील उंचसखलपणा त्याने नाहीसा होणार नाही. मात्र जो उतरवतो त्याला आपण कोठून उतरवले याची आठवण राहील.